ज्या पत्रावर सही नव्हती

हे मी आजवर कोणाच्याही कानावर घातलेले नाही. चर्चच्या पाळकसाहेबांच्या नाही, मुलाच्या नाही, आणि सुशीलेच्या तर नाहीच — ती एकेचाळीस वर्षे माझी पत्नी होती, तरी नाही. प्रार्थनेतसुद्धा मी हा विषय टाळत आलो. देवाला ठाऊक आहेच, मग पुन्हा कशाला काढायचा, असे म्हणून मी डोळे मिटत असे. तुम्हांला सांगतो आहे. खांदा कॉलनीत राहत असाल तर तुम्ही मला ओळखतही असाल — 'अर्जवाले ओहोळ' म्हणून.

ती पदवी मी मिळवलेली आहे. गटाराचे झाकण आठवडाभर उघडे राहिले, मी पत्र लिहिले. रोडपालीला जाणाऱ्या रस्त्यावरचे चांगले पिंपळाचे झाड कोणाच्या परवानगीने तोडले, हे विचारायला मी सात पत्रे लिहिली, आणि आठव्याला उत्तर आले की झाड जागेवरच आहे. मी जाऊन बुंध्याचा फोटो काढला आणि नववे लिहिले. प्रत्येक पत्रावर तारीख, संपूर्ण नाव, संपूर्ण पत्ता आणि ठसठशीत सही. निनावी पत्र लिहिणारा माणूस भेकड असतो, असे मी सोसायटीच्या सभेत टेबलावर हात आपटून म्हटलेले आहे. एकदा नव्हे, अनेकदा.

आता असे झाले, की आमची मंडळी यंदा स्मरणिका काढते आहे. मंडळी म्हणजे आमचा ख्रिस्ती सभासदांचा समूह. समितीने मला कळवले की कैलासवासी — आमच्यात 'प्रभूत निजलेले' म्हणतात — मनोहर थोरात यांच्यावर लेख द्यावा. विषय: 'संकटात देवावर भरवसा'. मर्यादा पाचशे शब्द. 'हृदयस्पर्शी असावा' अशी खाली सूचना. त्या कागदावर ना तारीख, ना सही! माझे रक्त तापले. खरमरीत उत्तर लिहायला बसलो, 'महोदय' असे लिहिलेही — आणि हात पुढे चालेना.

का चालेना, तेच सांगायचे आहे. पण तडक सांगता येत नाही. थोडे मागे जाऊ द्या.

तीस वर्षांहून अधिक काळ झाला. नवीन पनवेल तेव्हा खरोखर नवीन होते. इमारती उभ्या, पण मधले रस्ते कागदावर. आमच्या गॅलरीतून विचुंबे गावची भातखाचरे दिसत. मंडळीला स्वतःची जागा नव्हती. आमची अकरा कुटुंबे, आणि उपासना आमच्या पुढच्या खोलीत. रविवारी सकाळी पलंग उभा करून भिंतीला टेकवायचा, सतरंज्या अंथरायच्या, चपलांची रांग जिन्यात थेट खालच्या मजल्यापर्यंत. सुशीला मोठ्या पातेल्यात चहा टाकी आणि आल्याचा वास उपदेशाच्या तिसऱ्या मुद्द्याला बाहेर येई. त्यानंतर पाळकसाहेबांनी चौथा मुद्दा कधी काढल्याचे मला स्मरत नाही.

मनोहर पेटी वाजवी. त्याचा आवाज बेताचा. पण बोटे अशी, की बेसूर गाणाऱ्या माणसाला सुरात नेऊन बसवावे. तो आणि मी एकाच सरकारी कार्यालयात कारकून होतो — कोणत्या, ते लिहीत नाही. कार्यालयाचा यात दोष नाही. तो मला शांतवनदादा म्हणे. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान.

झावळ्यांचा रविवार आला, म्हणजे येशूच्या यरुशलेमातल्या प्रवेशाचा दिवस, की नारळाच्या झावळ्या आणायला आम्ही दोघे विचुंब्याला जात असू. तिथली एक आगरी मावशी झावळ्या काढून ठेवी. पहिल्या वर्षी तिने विचारले, "कुनाचं लगीन हाय का वो?"

"लगीन नाय मावशी, वरात हाय," मनोहर म्हणाला. "आमचा राजा गाढवावर बसून येतो."

"राजा नं गाडवावर?" ती पदर तोंडाला लावून हसली. "मंग घोरा कोनाला दिला?"

मनोहर परतीच्या वाटेवर गंभीर झाला. म्हणाला, "दादा, पाळकांचे दहा उपदेश एका बाजूला आणि मावशीचा हा प्रश्न एका बाजूला." खांद्यावर झावळ्या, पायाखाली बांधाची ओली माती, आणि तो पुढे चालतो आहे — हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून तीस वर्षे हललेले नाही. हलले असते तर बरे झाले असते.

मी मंडळीचा चिटणीस होतो. कार्यालयातली शिस्त घरी आणली. एक नोंदवही आवकेची, एक जावकेची. कोणी गावाहून इथे राहायला आला की तिथल्या मंडळीचे बदलीपत्र आणतो — अमुक माणसाचा बाप्तिस्मा अमुक साली झाला, त्याला आपल्यात घ्यावे, असे ते पत्र. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात मी लाल पेन्सिलीने आमचा आवक क्रमांक टाकी. अकरा कुटुंबांच्या मंडळीला आवक क्रमांक! सगळे हसत. मनोहर म्हणे, "दादा, तुम्ही स्वर्गात गेलात की जीवनाच्या पुस्तकालाही आवक क्रमांक टाकाल."

हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

आणखी एक रीत होती, ती सुशीलेची. शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची तिने एक पिशवी शिवली होती. आपली गरज एका चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचे नाही, आणि पिशवीत टाकायची. उपासना संपली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, घरी न्यायची आणि आठवडाभर त्या अनोळखी गरजेसाठी प्रार्थना करायची. पुढच्या रविवारी पिशवी फिरे. चिठ्ठी परत टाकताना एकच शब्द उच्चारायचा — "केली." सुशीला त्या चिठ्ठ्या न उघडता शेगडीत घाली. अकरा कुटुंबांत अक्षर कोणाचे, हे कळतच असे. तरीही सगळे न कळल्यासारखे वागत. किती सभ्य माणसे होती ती! त्या खोलीत मी इतका सुखी होतो, की ते सुख आज आठवणेसुद्धा मला चोरी केल्यासारखे वाटते.

आता मात्र आडवळणे पुरे.

कार्यालयात प्रमुख लिपिकाची जागा रिकामी व्हायची होती. मनोहर वयाने लहान, पण नोकरीत माझ्या आठ महिने आधी लागलेला. सेवाज्येष्ठतेच्या यादीत तो माझ्या लगेच वर. मी आस्थापना शाखेत होतो; ती यादी दरवर्षी मीच माझ्या हाताने लिहीत असे. त्याचे नाव, त्याखाली माझे. दरवर्षी. तुम्ही कधी आपल्या हाताने आपल्याच डोक्यावर दुसऱ्याचे नाव लिहिले आहे?

मनोहर राखीव जागेवर लागला होता. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीची सवलत कायद्याने संपते. हा कायदा न्याय्य आहे का, यावर मी नंतर पुष्कळ पत्रे लिहिली — सहीनिशी. पण कायदा तसा आहे. मनोहरचे आईवडील हिंदू. तो विसाव्या वर्षी स्वतःहून येशूकडे आला, बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे नोकरीच्या अर्जाला शाळेच्या वेळचा जुना दाखला जोडला. कोणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. माझे आजोबा ख्रिस्ती झालेले, म्हणून मला सवलत नाही. मी खुल्या यादीतून, दोन वेळा नापास होऊन लागलो होतो.

'कायदा म्हणजे कायदा.' मी स्वतःला हेच बजावले. पण तसे होते, तर सही का केली नाही?

होय. ते पत्र मी लिहिले. वरिष्ठ कार्यालयाला, कार्यालयाच्याच टंकलेखन यंत्रावर, दुपारच्या सुट्टीत, सगळे डबा खायला गेले असताना. निनावी अर्जाची दखल घेऊ नये असा दंडक आहे, हे मला पाठ होते. मात्र अर्जात पडताळून पाहता येईल असा तपशील असला तर चौकशी होते, हेही मला पाठ होते. म्हणून मी तपशील दिला. मंडळीच्या कपाटातून — ज्याची किल्ली विश्वासाने माझ्याकडे दिली होती — मनोहरचे बदलीपत्र काढले आणि बाप्तिस्म्याचा सगळा मजकूर त्यात उतरवला. खाली 'एक जागरूक नागरिक'. इतका हलकट शब्दप्रयोग मी आयुष्यात दुसरा केला नाही.

महिन्याभरात त्याला नोटीस आली. अर्जाची प्रतही त्याला मिळाली. नियमच तसा आहे.

त्या रविवारी तो साक्ष द्यायला उभा राहिला. आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले, ते चारचौघांत सांगणे. पेटीवर एक हात ठेवून तो म्हणाला, "माझ्यावर चौकशी लागली आहे. दाखला जोडताना मी गप्प बसलो, ही माझी चूक. आता प्रभूसमोर बसून विचार करतो आहे." एवढेच. मग बसला आणि गाणे सुरू केले. मी मोठ्याने गायलो.

उपासनेनंतर पिशवी फिरली. मी चिठ्ठी उचलली, घरात आत जाऊन उघडली. अक्षर मनोहरचे होते. 'माझ्याविरुद्ध ज्याने पत्र लिहिले त्याच्यासाठी प्रार्थना करावी. त्याला शांती मिळो. नाव लिहीत नाही.'

अकरा घरांतून ती चिठ्ठी माझ्याच हाती यावी! याला काय म्हणायचे? मी योगायोग म्हटले. मी संतापलो सुद्धा — पिशवीवर, सुशीलेवर, देवावर. तीन दिवस गुडघे टेकले. 'हे प्रभू, ज्याने पत्र लिहिले' — इथवर येई, आणि पुढे माझे नाव घ्यावे लागे. ते घेणे मला जमले नाही. चौथ्या दिवसापासून टेकणेही सोडले.

पुढच्या रविवारी सुशीलेने पिशवी माझ्यापुढे धरली. मी दुसराच कोरा कागद घडी घालून आत टाकला आणि म्हणालो, "केली." मनोहर समोरच पेटीचा भाता लावत होता. त्याने वर पाहिले आणि मान हलवली, जसे कोणी आभार मानताना हलवते.

चौकशी अधिकारी मनाने चांगला होता. त्याने मनोहरला वाट काढून दिली. "एवढंच लिहून द्या हो, की मी तिथे फक्त पेटी वाजवायला जातो. संगीताची आवड, बस. फाइल बंद करतो." मनोहरने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचा खुलासा आला तो नोंदीसाठी माझ्याच टेबलावर. मी त्यावर आवक क्रमांक टाकला. त्यात लिहिले होते: 'मी ख्रिस्ती आहे. दाखला जोडताना ही गोष्ट मी सांगितली नाही, ही चूक माझी. आता विचारले आहे, म्हणून खरे सांगत आहे. पुढचे देव पाहील.'

सरकारी फायलीत 'पुढचे देव पाहील'! त्या दिवशी मी त्या वाक्याला हसलो होतो. शेजारच्या टेबलालाही वाचून दाखवले.

त्याची नियुक्ती रद्द झाली. सोळा वर्षांची नोकरी गेली. प्रमुख लिपिक मी झालो. आणि मग मी काय केले असेल? मी साक्ष दिली. आमच्याच पुढच्या खोलीत उभे राहून, हात जोडून म्हणालो, "मी काहीच खटपट केली नाही. सर्व काही प्रभूवर सोपवले, आणि त्याने योग्य वेळी दिले." लोक 'आमेन' म्हणाले. मनोहरने उपकारस्तुतीचे गाणे धरले. त्याच्या बोटांखाली तो सूर जरासुद्धा डळमळला नाही.

माझा खरा गुन्हा कोणता, असे विचाराल, तर मी या साक्षीकडे बोट दाखवीन. पत्राने मी माणसाची भाकरी काढून घेतली. साक्षीने मी देवाला माझ्या कटात सामील करून घेतले.

मनोहर विचुंब्यात एका खोलीत राहायला गेला. त्याची पत्नी लीलाबाई बेकरीत कामाला लागली. नाताळ आला की सगळ्या मंडळीची नानखटाई तीच भाजून आणी. त्याने एक जुने टंकलेखन यंत्र मिळवले आणि आमच्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर, करंजाच्या झाडाखाली, टेबल मांडले. लोकांचे अर्ज टंकून देऊ लागला. सकाळी यंत्रावरचे प्लास्टिक काढले की क्षणभर मान खाली घाली, मग कागद चढवी. पावसाळ्यात टेबल छपराखाली, उन्हाळ्यात झाडाखाली. मुलगी रूथ शिकली, परिचारिका झाली. त्याने कोणाला दोष दिलेला मी ऐकला नाही. आणि कोणी हळहळू लागले, तर तो चेष्टा करी: "अहो, आत होतो तेव्हा एकच साहेब होता. आता फाटकातून आत जाणारा प्रत्येक माणूस आधी मला विचारतो."

आणि माझी पत्रे? पिंपळाचे, गटाराचे, सगळी सगळी पत्रे मनोहरने टंकली. निवृत्तीनंतरही मी त्याच्याकडेच जाई. मंडळीत मी सांगत असे की मुद्दाम त्याच्याकडेच काम देतो, तेवढाच आधार. ऐकणारे मला थोर म्हणत. मी ते ऐकून घेत असे.

नोकरी गेल्यापासून तो मला 'दादा' म्हणेनासा झाला. 'साहेब' म्हणू लागला. मी म्हटले, अरे, असे काय? तर म्हणाला, "खुर्चीला मान द्यावा, साहेब." पत्र टंकून झाले की मी ते वाचण्याच्या घाईत तसाच उठे. तेव्हा तो कागदाचे टोक धरून ठेवी.

"साहेब, सही राहिली."

मी सही करी. तो कागद सोडी. वीस वर्षांहून अधिक काळ हे असे चालले.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. स्मरणिकेच्या लेखासाठी संदर्भ हवेत, म्हणून मी रूथला निरोप धाडला होता. ती एक दोरी बांधलेली फाइल घेऊन आली. "काका, बाबांचं सगळं यातच आहे. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" चहा पिऊन गेली. मी फाइल उघडली. सगळ्यांत वर त्या अर्जाची प्रत होती — 'एक जागरूक नागरिक'. तीस वर्षांनी मी तो मजकूर पुन्हा वाचला. बदलीपत्राचा संदर्भ, गावच्या मंडळीचा जावक क्रमांक, तारीख. हे गावातल्या कोणालाही ठाऊक असू शकले असते. मी तसा विचार करूनच तो घातला होता. पण त्याच्या पुढे, स्वल्पविराम देऊन, मी आणखी काही टंकले होते. 'आवक क्र. ७.'

लाल पेन्सिलीचा क्रमांक. जो जगात फक्त माझ्या वहीत आणि माझ्या किल्लीच्या कपाटातल्या त्या पत्रावर होता.

सवय. केवळ सवय. संदर्भ अपुरा सोडायचा नाही, ही माझी शिस्त! सही मी लपवली होती, आणि त्याहून स्पष्ट खूण स्वतःच्या हाताने टंकून ठेवली होती. मनोहरने ती पहिल्याच वाचनात ओळखली असणार. या अकरा कुटुंबांत आवक क्रमांक कोण टाकतो, यावर सगळ्यांत अधिक तोच हसला होता. त्या ओळीखाली रेघ नाही, बाजूला खूण नाही. मी कागद उजेडात धरून पाहिला. काही नाही.

म्हणजे त्याने 'नाव लिहीत नाही' असे लिहिले, तेव्हा त्याला नाव ठाऊक होते. मी 'केली' म्हणालो, आणि त्याने मान हलवली, तेव्हाही ठाऊक होते. माझ्या साक्षीमागे पेटी धरली तेव्हा. कागदाचे टोक धरून 'सही राहिली' म्हणाला, त्या प्रत्येक वेळी.

समितीला 'देवावर भरवसा' या विषयावर पाचशे शब्द हवे होते. मला वाटे, मनोहरने देवावर सोपवली ती नोकरी, पोट, मुलीचे शिक्षण. आता कळते, की त्याने आणखी एक गोष्ट देवावर सोपवली होती — मी. ती गोष्ट त्याच्या हयातीत तडीस गेली नाही. तरी त्याने वाट पाहणे सोडले नाही, आणि मला हिसका देऊन कबूलही करवले नाही. मला ते जमले नसते. मी सातव्या पत्राला उत्तर आले नाही की आठवे लिहितो.

कायद्याने मी बरोबर होतो, हे मी इथे पुन्हा लिहिणार होतो. खोडले. ते तीस वर्षे मी रोज लिहीत आलो आहे.

आज सकाळी ती प्रार्थना केली — नाही, हेही खोटे होईल. आज सकाळी गुडघे टेकले आणि त्या वाक्याच्या पुढे माझे नाव घेतले. तेवढेच झाले.

हा लेख पाचशे शब्दांत बसत नाही आणि हृदयस्पर्शीही नाही. छापावा की न छापावा, हे समितीने ठरवावे. एक प्रत रूथला आजच हातोहात देत आहे. लेखात तिच्या वडिलांवर जे आहे, ते तिला आधी कळायला हवे. मनोहरची मूळ चिठ्ठी मी शेगडीत जाऊ दिली नव्हती. माझ्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, होती. ती सोबत जोडली आहे. ती माझी नव्हे, मंडळीची आहे. याहून अधिक कळवावे असे काही नाही, आणि मागावे असेही काही नाही.

शांतवन यशवंत ओहोळ
खांदा कॉलनी, नवीन पनवेल
(सही केली आहे.)

सहपत्र : चिठ्ठी एक, मूळ. आवक क्रमांक टाकलेला नाही.